घरघंटीमुळे अडकलेली गाडी

हसणार नसाल तर सांगतो. आणि हसणार असाल तरी सांगतोच, कारण आमच्या बिल्डिंगमधल्या अठरा घरांना हे सगळं आधीच माहीत आहे. आता लपवायचं कोणापासून? दुसऱ्या कोणी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं. माझ्या हातचं तिखट जरा कमी असतं.

तर पहिली गोष्ट म्हणजे, मी कॉम्प्युटरमधला जाणकार आहे. हे मी नाही म्हणत, ऑफिस म्हणतं. आमच्या ऑफिसात कोणाचा कॉम्प्युटर बंद पडला की हाक येते, "साहेब, जरा पाहता का?" मी जातो. गंभीर चेहरा करतो. दोनदा 'हूं' म्हणतो, आणि बटण दाबून बंद करून पुन्हा चालू करतो. बहुतेक वेळा चालतो. नाहीच चालला तर म्हणतो, "मशीनच जुनी आहे." झालं! पंधरा वर्षं याच्यावर नाव कमावलं मी.

घरी आमच्याकडे गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम आहे. दहा-बारा वर्षांपूर्वीचा. मुलगी शाळेत असताना आणला होता. मुलगी शिकायला पुण्याला गेली, गेम इथेच राहिला, आणि या वयात मी त्याच्या नादी लागलो. कोणाला दारूचा नाद असतो, कोणाला पत्त्यांचा. माझा आपला हा बिनधुराचा.

या गेममध्ये दोघांना एकाच वेळी खेळता येतं. पडदा मधोमध कापला जातो. वरच्या अर्ध्यात माझी गाडी, खालच्या अर्ध्यात दुसऱ्याची. आणि हा दुसरा म्हणजे माझा साळा, बापू.

बापू सावनेरला असतो. कोळशाच्या खाणीत डंपर चालवतो. त्या डंपरचं एक चाक माझ्यापेक्षा उंच आहे, हे मी जवळ उभं राहून पाहिलेलं आहे. पंधरवड्यातून एखाद्या रविवारी तो बहिणीला भेटायला येतो, म्हणजे जेवतो, आणि मग माझ्यासोबत शर्यत लावतो. आणि जिंकतो.

म्हणजे, जिंकतो असं नाही. समजून घ्या जरा! माझी गाडी अडकायची. नवीन सिस्टीम टाकली तेव्हापासून आमच्या कॉम्प्युटरवर तो गेम असा चालायचा जसा म्हातारा माणूस जिना चढतो. दोन पायऱ्या, थांबा. दोन पायऱ्या, थांबा. वळणावर मी बटण दाबलं तर गाडी वळायची तेव्हा वळण मागे गेलेलं असायचं. आणि चित्र तर विचारूच नका. झाडं म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या, रस्ता म्हणजे पातळ पिठलं, आणि टाळ्या वाजवणाऱ्या लोकांना तोंडंच नाहीत.

"लॅग होऊन राहिलं," मी दर वेळी म्हणायचो.

"हौ भाऊजी," बापू म्हणायचा आणि शर्यत जिंकायचा.

इथपर्यंत ठीक होतं. पण मार्च महिन्यात पारशिवनीला सासुरवाडीकडचं एक लग्न होतं. पंगत बसलेली. माझ्या पानात दुसरी वाढ पडत होती, तेवढ्यात बायकोच्या काकांनी विचारलं, "काहून जावईबापू, तब्येत बरी आहे ना?" मी काही बोलायच्या आधी बापू पलीकडच्या पंगतीतून म्हणाला, "तब्येत ठीक आहे काका, पण भाऊजीले लॅग झालं आहे."

"अरे बाप्पा! म्हणजे शुगरसारखं काही?"

सगळी पंगत हसली. जावई माणसाला सासुरवाडीच्या पंगतीत हसावं? तेही वांग्याची भाजी तोंडात असताना? मी तिथंच सांगून टाकलं, "बापू, एप्रिलच्या शेवटच्या रविवारी ये. गाडी लोण्यासारखी चालवून दाखवतो. मग पाहू कोण जिंकतं!"

घरी आल्यावर कामाला लागलो. आधी गेमच्या सेटिंगमध्ये शिरलो आणि जे जे कमी करता येईल ते कमी केलं. सावल्या बंद, पाणी बंद, धूळ बंद. जुड्या होत्या त्या झाडांच्या नुसत्या काड्या राहिल्या. गाडी तरी अडकलीच. मग कॉम्प्युटरचा डबा उघडला, आतल्या पंख्यावरची धूळ बायकोच्या, म्हणजे ज्योतीच्या, केस वाळवायच्या मशीननं उडवली. ती सगळी धूळ वाळत घातलेल्या पापडांवर जाऊन बसली. गाडी अडकलीच, आणि दोन दिवस ज्योतीही माझ्याशी बोलली नाही.

शेवटी नागपुरातल्याच सदर भागात गेलो. तिथं एका कॉम्प्युटरच्या दुकानाचा मालक माझ्या ओळखीचा झाला होता. डबा स्कूटरवर पायांमध्ये ठेवला, ज्योतीच्या ओढणीनं बांधला आणि तोंडाला दुपट्टा गुंडाळून भर उन्हातून निघालो. सिग्नलवर एकानं विचारलंसुद्धा, "काका, कूलर दुरुस्तीले चालले का?"

दुकानदारानं डबा पाहिला, म्हणाला, "सर, इसमें ग्राफिक्स कार्ड डालना पडेगा. मग पाहा मजा."

चित्र पळवणारं ते कार्ड टाकलं. त्यानं स्वतःच्या पडद्याला डबा जोडला आणि गेम लावला. काय सांगू! गाडीच्या काचेवर आभाळ दिसत होतं. झाडाला पानं! पब्लिकला नाक-डोळे! गाडी अशी पळाली की मी दुकानात उभ्याउभ्या उजवीकडे कललो.

"मख्खन!" दुकानदार म्हणाला.

घरी आलो, डबा जोडला, गेम लावला. दोन पायऱ्या, थांबा. दोन पायऱ्या, थांबा. पुन्हा कोथिंबीर, पुन्हा पिठलं.

माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दुपट्टा, पुन्हा ओढणी, पुन्हा सदर. दुकानात चार गिऱ्हाईकं उभी होती. त्यांच्यासमोर मी आवाज चढवला, "दाखवायला एक कार्ड आणि द्यायला दुसरं? आम्हाला काय येडे समजून राहिले का तुम्ही?"

दुकानदार शांत माणूस. त्यानं डबा उघडून कार्ड दाखवलं. तेच होतं. पुन्हा जोडून गेम लावला. मख्खन!

"सर," तो जरा चाचरत म्हणाला, "घरी वायर-बियर बरोबर लावून राहिले ना तुम्ही?"

मी! मला विचारतो! मी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं ऑफिसात प्रिंटरमध्ये कागद उलटा टाकणाऱ्याकडे पाहतो. "पंधरा वर्षं झाली," मी म्हटलं, "कॉम्प्युटरच हाताळतो आहे." आणि डबा उचलून आलो.

घरी? कोथिंबीर.

आता तुम्हीच विचार करा. तोच डबा, तेच कार्ड, तोच गेम. दुकानात पळतो, घरी अडकतो. फरक कशाचा? मी शांत बसून विचार केला, आणि मी शांत बसून विचार केला की हमखास घोटाळा होतो. फरक एकच, वीज! दुकानातली वीज चांगली, आमच्या घरातली वाईट.

इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्यानं टेस्टर लावला, म्हणाला, "वीज तं ठीक आहे साहेब. फार तर अर्थिंगले पाणी घाला, उन्हाळा आहे." मी रोज सकाळी दोन बादल्या पाणी बिल्डिंगमागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात ओतायला लागलो. एक दिवस ज्योतीनं खिडकीतून पाहिलं.

"अहो, काय लावलं तिथं? वांगे का?"

"अर्थिंग आहे ते!"

"मग उगवलं का काही?"

उगवणार काय? मग कॉम्प्युटर दुसऱ्या खोलीत नेला, तिथून स्वयंपाकघरात नेला, शेवटी देवाजवळच्या पॉइंटला लावला. देवासमोर बसून दोन दिवस शर्यत खेळलो. गाडी अडकली ती अडकलीच. ज्योती म्हणाली, "देवालेच विचारा आता."

आणि एका सकाळी, खेळता खेळता, कानावर आवाज आला. घर्र्र्र. खालच्या मजल्यावरच्या वानखेडे काकूंची घरघंटी! काकू अडुसष्ट वर्षांच्या. एकट्या राहतात. सकाळी घरघंटी लावतात आणि स्वतःचंच नाही, अख्ख्या बिल्डिंगचं दळण दळून देतात. कोणी डबा ठेवला की दुपारी दारात पीठ तयार. पोळ्या टम्म फुगतात त्या पिठाच्या. पण मला त्या दिवशी पोळ्या दिसल्या नाहीत. मला दिसली मोटर. एवढी मोटर चालली तर व्होल्टेज खाणार नाही?

सापडला चोर!

मी सोसायटीच्या सेक्रेटरीला अर्ज दिला. ऑफिसात जन्म गेला माझा, अर्ज म्हणजे डाव्या हातचा मळ. 'सदर घरघंटीमुळे इमारतीतील विद्युतदाबावर विपरीत परिणाम होत असून माझ्या अत्यंत महत्त्वाच्या कामात व्यत्यय येत आहे. सर्व सदस्यांच्या टीव्ही-फ्रिजलाही धोका संभवतो.' काम कोणतं, ते लिहिलं नाही. लिहायला जागाच नव्हती!

काकूंना अर्ज दाखवला गेला. त्या काही भांडल्या नाहीत. मलाच जिन्यात गाठलं आणि म्हणाल्या, "माह्या चक्कीनं तुह्यं काम अडून राहिलं का गा? मग बंद. आजपासून बंद." आणि खरंच घरघंटीवर चादर टाकून मोकळ्या झाल्या.

तिसऱ्या दिवशी बिल्डिंगमधली पिठं संपली. लोक डबे घेऊन उन्हातान्हात चौकातल्या गिरणीवर जायला लागले. लिफ्टमध्ये माझ्याकडे पाठ करून उभे राहायला लागले. ज्योतीनं घरात नुसता भात लावायला सुरुवात केली.

"पोळी नाही का?"

"पीठ नाही. तुमच्या अर्जाची करून देऊ का?"

आणि खरी गंमत पुढेच आहे. घरघंटी बंद होऊन आठवडा झाला, तरी गाडी अडकतच होती! एखाद्या शहाण्या माणसाला इथं शंका आली असती, की आपलं काही चुकतं आहे. मलाही आली. अर्धं मिनिट. मग माझ्या लक्षात आलं, चक्की बंद असली तरी कूलर चालू आहेत ना! अठरा घरांचे अठरा कूलर!

सेक्रेटरीकडे गेलो. म्हटलं, "एकदा तपासूनच घेऊ. रविवारी अकरा वाजता सगळ्यांनी दहा मिनिटं आपापलं सगळं बंद ठेवायचं. कूलर, फ्रिज, मिक्सर, सगळं. व्होल्टेजचा प्रश्न आहे, उद्या कोणाचा फ्रिज जळला तर मला विचारू नका." फ्रिज म्हटल्यावर सगळे तयार झाले. भीती घालण्यात मी पटाईत आहे.

आणि तो रविवार उजाडला. एप्रिलचं नागपूर! सकाळी अकराला भिंतीला हात लावला तर भिंतच हात मागे घेईल, असं ऊन. अकराच्या ठोक्याला बिल्डिंगमधले सगळे कूलर बंद झाले. एवढी शांतता मी त्या बिल्डिंगमध्ये कधी ऐकली नव्हती. आणि मग दारात चपलांचा आवाज! व्होल्टेजचं काय होतं ते पाहायला अख्खी बिल्डिंग माझ्या घरात. घाम पुसत, वर्तमानपत्रानं वारा घेत. सगळ्यात मागे काकू, हातात पंखा.

आता पळ काढायचा कुठं? मी गेम लावला.

पडद्यावर लाल गाडी आली. सेक्रेटरीनं चष्मा पुसला. "साहेब, हे... गाडी-गाडी आहे?"

"तपासणीसाठी आहे," मी म्हटलं.

"म्हणजे अत्यंत महत्त्वाचं काम ते हे?"

मी बटण दाबलं. अठरा घरांचे श्वास रोखलेले, अठरा घरांचा घाम माझ्या फरशीवर, आणि गाडी निघाली. दोन पायऱ्या, थांबा. दोन पायऱ्या, थांबा.

खोलीत सगळे नुसते वारा घेत राहिले. तेच वाईट होतं. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात मागून काकू पुढे आल्या. कंबरेवर हात ठेवून डब्याच्या मागे वाकल्या. "काहून गा, दुकानात हे बराबर चालते म्हणतोस ना? मग तो दुकानदार हा टीव्हीचा वायर कुठं लावते?"

"मागे लावतो काकू. हा काय, मागेच आहे."

"मागं कुठं पण? हा तं वरच्या खाचेत लावला तू. खाली बी अस्सीच एक खाच आहे. ते रिकामी काहून आहे मग?"

आता तुम्हाला एक गोष्ट सांगायलाच लागेल. इतका वेळ मुद्दाम सांगितली नव्हती, लाज वाटत होती. ती वरची खाच म्हणजे डब्याची मूळची, जुनी. खालची खाच म्हणजे नव्या कार्डाची. पडद्याची वायर कार्डाच्या खाचेत लावली तरच कार्ड चित्र दाखवणार ना? वरच्या खाचेत लावली तर कार्ड आपलं आत बसून राहतं, जेवायला न वाढलेल्या पाहुण्यासारखं. दुकानदाराला हे माहीत होतं. म्हणून त्यानं त्या वरच्या खाचेत एक लाल रबरी बूच बसवून दिलं होतं, की कोणी चुकून तिथं वायर लावू नये. मी काय केलं? घरी आल्यावर पकडीनं ते बूच उपटलं. मला वाटलं, पॅकिंग राहिलं. दुसऱ्या फेरीत त्यानं पुन्हा बूच बसवलं, आणि मी पुन्हा उपटलं! वर मनात म्हटलं, काय निष्काळजी माणूस आहे, पॅकिंगसुद्धा काढत नाही.

काकूंनी वायर काढली, खाली लावली. पडदा क्षणभर काळा झाला. मग आभाळ दिसलं. झाडांची पानं दिसली. लाल गाडी वळणावरून सुळकन गेली, आणि धुळीचा लोट उठला.

"हे झालं का तुह्यं व्होल्टेज?" काकूंनी विचारलं.

सेक्रेटरी उठले. "चला रे, कूलर लावा," एवढंच म्हणाले. पाच मिनिटांत खोली रिकामी झाली. ज्योती तेवढी उभी होती. ती हसली असती तरी चाललं असतं. ती फक्त फरशी पुसायला लागली.

संध्याकाळी काकूंकडे गेलो. त्यांनी बसायला सांगितलं नाही, उभंच ठेवलं. "अर्ज तं मस्त लिहितोस तू," त्या म्हणाल्या. "आता एक अर्ज मले लिहून दे. चक्की पुन्हा चालू करा म्हणून. अन् खाली लिही, कोणाच्या मूर्खपणानं बंद होती ते." लिहून दिला. त्यांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला आणि मूर्खपणा शब्दात मी ऱ्हस्व-दीर्घ चुकवलं होतं, ते दुरुस्त करून घेतलं. तो अर्ज तीन दिवस लिफ्टमध्ये लावलेला होता. सदरच्या दुकानदाराकडेही गेलो, त्याच चार माणसांसमोर माफी मागायची होती. पण माणसं दुसरीच निघाली, तर त्यांना आधी सगळी हकीगत सांगावी लागली. म्हणजे नवे चार लोक हसले.

पण जाऊ द्या! गाडी तर लोण्यासारखी चालली ना? एप्रिलचा शेवटचा रविवार आला. बापू आला, जेवला, बसला. चकाचक चित्र, एका जागी अडकणं नाही. तीन शर्यती झाल्या. तिन्ही हरलो.

आणि या वेळी सांगायला काहीच नव्हतं हो! आधी निदान 'लॅग होऊन राहिलं' म्हणता यायचं. आता काय म्हणू? गाडी वळली नाही कारण मी वळवली नाही. झाडावर आदळली कारण झाड आता स्पष्ट दिसत होतं आणि तरीही आदळली.

बापू फक्त म्हणाला, "पुढच्या खेपेले पाहू, भाऊजी."

पुढच्या खेपेला मी काय केलं सांगू? कोणाला बोलू नका. बापू हात धुवायला गेला तेवढ्यात मी डब्याच्या मागे वाकलो, वायर काढली आणि स्वतःच्या हातानं वरच्या खाचेत लावली. निदान कारण तरी असावं माणसाला!

शर्यत लागली. कोथिंबीर! पिठलं! इतका आनंद मला त्या कोथिंबिरीचा आधी कधी झाला नव्हता. पहिल्याच वळणाला मी मोठ्यानं म्हटलं, "पाहा, पाहा! पुन्हा लॅग होऊन राहिलं!"

"हौ भाऊजी," बापू म्हणाला, आणि जिंकला. दुसरीही जिंकला. तिसरी जिंकल्यावर त्यानं हात बाजूला घेतले आणि माझ्याकडे वळून अगदी मायेनं म्हणाला,

"भाऊजी, पडदा तं एकच आहे ना. वरच्या अर्ध्यात तुमची गाडी अडकते, तवा खालच्या अर्ध्यात माह्यी बी अडकतेच की. पयल्या दिवसापासून अडकून राहिली. मी बोललो नाही, इतकंच."

मी मग आतल्या दिशेनं हाक दिली, "अवं ज्योती, पन्हं आण वं दोघांसाठी!"

"आणते," ती आतून म्हणाली. "जिंकणाऱ्याले आधी. तुमचं जरा लॅग होईन."